खुडूक कोंबडीच्या पदरीं नवीं पिलें कशीं घालावीं

शेतकऱ्याच्या दारीं कोंबड्यांचा जो लहानसा परिवार असतो त्याची जोपासना बहुधा घरांतील स्त्रियाच करीत असतात, आणि अंडीं व कोंबडे विकून जे चार पैसे येतात तेहि बहुधा त्यांच्याच हातीं राहतात. मुलांच्या वह्या, किरकोळ औषधपाणी, सणावाराची एखादी वस्तु, हे खर्च या पैशांतून भागतात. हे पैसे बुडाले असतां त्यांची भरपाई दुसरीकडून होत नाहीं. याकरितां कोंबडीपालनांतील बारीकसारीक गोष्टींनाहि आम्ही क्षुल्लक समजत नाहीं, आणि आज अशाच एका गोष्टीविषयीं चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे. विकत आणलेलीं एक दोन दिवसांचीं पिलें घरच्या जुन्या कोंबडीच्या स्वाधीन कशीं करावीं, आणि ती खुडूक नसेल तर तिची व पिलांची ओळख कोणत्या रीतीनें करून द्यावी, ही ती गोष्ट होय.

पूर्वीं हा प्रश्न फारसा उद्भवत नसे. गांवठी कोंबडी आपलींच अंडीं उबवी व आपलींच पिलें वाढवी. आतां अंडीं उबवणी केंद्रांतून सुधारलेल्या जातींचीं पिलें विकत मिळतात, आणि वनराज, गिरिराज यांसारखीं परसांत वाढणारीं पिलें खेड्यापाड्यांतहि पोंचलीं आहेत. त्यांच्यापासून अंडीं व मांस गांवठीपेक्षां अधिक मिळतें हें खरें. परंतु हीं पिलें यंत्रांत जन्मलेलीं असल्यामुळें त्यांना आई नसते. शिवाय खुडूक बसलेली कोंबडी तेवढे दिवस अंडीं देत नाहीं, म्हणून अधिक अंड्यांसाठीं निवड करतांना व्हाइट लेगहॉर्नसारख्या जातींतून खुडूकपणा पिढ्यान् पिढ्या काढून टाकण्यांत आला. अशा कोंबड्यांकडून पिलें वाढविण्याची अपेक्षा करणें व्यर्थ होय. तेव्हां विकतचीं पिलें दिव्याच्या उबेवर वाढवावीं, किंवा गांवठी खुडूक कोंबडीच्या पदरीं घालावीं, हे दोनच मार्ग उरतात. पन्नास शंभर पिलें असतील तर दिवा अवश्य आहे. पण दहा बारा पिलांकरितां रात्रंदिवस दिवा जाळणें परवडत नाहीं, आणि पावसाळ्यांत वीज गेली म्हणजे एका रात्रींत सर्व पिलें गारठून जाण्याचें भय असतें. कोंबडीच्या अंगची उष्णता १०६ ते १०७ अंश फॅरनहाइट असते. ती रात्रींबेरात्रीं विझत नाहीं, आणि तिला खर्च मूठभर दाण्यांचा.

आमच्या घरीं घडलेली एक चूक येथें सांगणें उपयोगाचें होईल. एका वर्षीं आम्हीं एका दिवसाचीं बारा पिलें विकत आणलीं. घरांत एक गांवठी कोंबडी चार दिवसांपूर्वींच खुडूक बसली होती. ती बसलेली आहे, तिला पिलें दिलीं म्हणजे झालें, असें आम्हीं मानलें. पिलें घरीं पोंचलीं तेव्हां सकाळचे अकरा वाजले होते. तिच्याखालचीं अंडीं काढून घेऊन आम्हीं सर्व पिलें तिच्यासमोर सोडलीं. कोंबडी ताडकन् उठली, पिसें फुलवून तिनें पिलांच्या डोक्यांवर चोंची मारण्यास आरंभ केला, आणि आम्ही धांवून पिलें उचलीपर्यंत त्यांतलीं चार मेलीं होतीं. बाकीचीं भिऊन कोपऱ्यांत एकमेकांवर चढलीं. त्यांतलीं तीन दुसऱ्या दिवशीं पहाटे गारठलेलीं सांपडलीं. बारांतून पांच उरलीं. पिलांचे पैसे घरांतील वडील बाईंनीं अंडीं विकून सांठविलेले होते. त्यांनीं आम्हांस शब्दानें दोष दिला नाहीं. परंतु त्या वर्षीं पुन्हां पिलें आणण्याचें नांवहि काढलें नाहीं. शेजारीपाजारी म्हणाले, कोंबडी द्वाड आहे. वस्तुतः कोंबडीचा दोष कांहींच नव्हता. तीच कोंबडी पुढच्या वर्षीं, निराळ्या रीतीनें दिलेलीं दहा पिलें घेऊन अंगणांत हिंडली. दोष आमच्या घाईचा होता. आणि ती घाई कोठें कोठें झाली हें नीट कळावें म्हणून खुडूकपणाचें स्वरूप प्रथम पाहिलें पाहिजे.

खुडूकपणा म्हणजे काय

खुडूकपणा हा कोंबडीचा हट्ट नव्हे कीं रोग नव्हे. ती तिच्या शरीराची एक अवस्था आहे. मेंदूच्या तळाशीं असलेल्या पीयूषिका ग्रंथींतून प्रोलॅक्टिन नांवाचा स्राव वाढला म्हणजे कोंबडी अंडीं घालणें थांबविते आणि घरट्यांत ठाण मांडते. हा स्राव टोंचून घातला असतां कोंबड्या खुडूक होतात, हें अमेरिकेंत ऑस्कर रिडल व त्यांचे सहकारी यांनीं १९३५ सालीं दाखवून दिलें. या काळांत तिच्या छातीचीं व पोटाखालचीं पिसें गळून कातडी उघडी पडते. तेथें रक्ताचा पुरवठा वाढतो व त्यायोगें अंड्यांस ऊब नीट लागते. दिवसांतून एकदां, फार तर दोनदां, ती थोडा वेळ उठते, दाणापाणी घेते, मोठी व दुर्गंधी विष्ठा टाकते आणि परत येऊन बसते. हात लावला असतां पिसें फुलविते व घोगऱ्या आवाजांत गुरगुरते. हीं लक्षणें रात्रींहि टिकून असलीं म्हणजे ती खरी खुडूक समजावी. दिवसा खुडूक दिसणारी, पण रात्रीं दांडीवर जाऊन बसणारी कोंबडी अजून कच्ची आहे. तिच्यावर विसंबूं नये.

कांहीं ठिकाणीं खुडूक मोडण्याकरितां कोंबडीला पाण्यांत बुडवितात, किंवा तिच्या नाकांतून पीस ओंवतात. हे प्रकार क्रूर तर आहेतच. पण ज्याला पिलें वाढवावयाचीं आहेत त्यानें तसें करणें म्हणजे आयती चालून आलेली दाई दारांतून हांकून देण्यासारखें आहे.

अंड्यांवर बसलेली कोंबडी आणि पिलांची आई या मात्र एकाच कोंबडीच्या दोन निरनिराळ्या अवस्था होत, हें ध्यानांत ठेविलें पाहिजे. पहिली संपून दुसरी सुरू होण्यास काळ लागतो. कोंबडीचें अंडें २१ दिवसांत उबतें. शेवटच्या दोन तीन दिवसांत पिलूं अंड्यांतूनच चिंवचिंव करूं लागतें, आणि कोंबडी हलक्या आवाजांत त्याला उत्तर देते. पिलूं बाहेर पडून तिच्या उघड्या कातडीस लागलें म्हणजे तिच्यांतील आई पुरती जागी होते. म्हणून तीन आठवडे बसलेल्या कोंबडीच्या पोटाखालीं एखादें परकें पिलूं सरकविलें, तरी बहुधा ती तें आपलेंच समजते. चार दिवस बसलेल्या कोंबडीस तोच आवाज व तोच स्पर्श उपद्रवाचा वाटतो, व घरट्यावर कोणी शत्रु आला असें समजून ती त्याला टोंचते. ती दिवस मोजते असें नाहीं. दोन आठवडे नेटानें बसलेल्या कोंबड्यांनींहि पिलें पत्करल्याचें आढळतें. परंतु बसण्याचे दिवस जितके कमी तितकी जोखीम अधिक.

पिलाच्या बाजूसहि अशीच मुदत असते. जन्मल्यानंतर पहिल्या एक दोन दिवसांत जी हलणारी वस्तु त्याला दिसते तिच्यामागें तें जाऊं लागतें. इंग्लंडांत डग्लस स्पाल्डिंग यांनीं १८७३ सालीं कोंबडीच्या पिलांविषयीं हें निरीक्षण लिहून ठेविलें, आणि पुढें १९३५ सालीं ऑस्ट्रियांतील कोनराड लोरेंझ यांनीं पक्ष्यांच्या या प्रवृत्तीचें सविस्तर शास्त्रीय विवेचन केलें. दोन तीन दिवसांचीं पिलें कोंबडीखालीं आपण होऊन शिरतात. आठवडाभर दिव्याखालीं वाढलेलीं पिलें कोंबडीला पाहून पळतात; आणि पळणारें पिलूं कोंबडी आपलें मानीत नाहीं.

म्हणजे कोंबडीचें दार व पिलांचें दार हीं दोन्ही थोडेच दिवस उघडीं असतात. तीं एकाच रात्रीं उघडीं सांपडतील अशी तजवीज करणें, एवढीच या कामांतील सर्व विद्या आहे.

पूर्वतयारी

पिलांची मागणी नोंदविण्यापूर्वीं कोंबडी पाहावी. पिलें आणून मग कोंबडी शोधूं नये. यापूर्वीं एकदां तरी पिलें वाढविलेली, अंगानें भरलेली, शांत स्वभावाची गांवठी कोंबडी पसंत करावी. प्रथमच बसणारी तलंग टाळतां आल्यास टाळावी. कोंबडी खरी खुडूक बसली म्हणजे तिच्याखालीं लाकडाचीं किंवा दुसरीं खोटीं अंडीं चार पांच ठेवावीं. त्यांनीं तिचें समाधान होतें. खरीं अंडीं ठेविलीं तर तीं इतक्या दिवसांत नासून फुटण्याचें भय असतें. बसल्याची तारीख भिंतीवर खडूनें लिहून ठेवावी, आणि १८ ते २१ दिवसांच्या सुमारास पिलें हातीं येतील अशा बेतानें उबवणी केंद्राकडे मागणी करावी. पिलांस उशीर होत आहे म्हणून कोंबडीला पांच सहा आठवडे बसवून ठेवणें बरें नव्हे. या काळांत ती फार थोडें खाते व अंगानें उतरत जाते.

बसण्याची जागा निराळी असावी. इतर कोंबड्या जेथें अंडीं घालण्यास येतात तेथें पिलें देऊं नयेत, कारण दाई त्यांना सांभाळील, पण दुसरी कोंबडी त्यांना टोंचील. तीन फूट लांब, दोन फूट रुंद व दोन फूट उंच असें खोकें, किंवा मोठें डालगें, वाऱ्यापावसापासून सुरक्षित अशा अंधाऱ्या कोपऱ्यांत ठेवावें. तळाशीं भाताचें तूस दोन तीन इंच पसरावें. नुसता गुळगुळीत कागद पसरूं नये. त्यावर पिलांचे पाय फांकतात व कायमचे अधू होतात. कोंबडीस या जागीं आणावयाचें असल्यास पिलें येण्यापूर्वीं तीन चार दिवस आधीं, आणि तेंहि रात्रीं, आणावें. म्हणजे जागा बदलल्यानें खुडूक मोडली कीं काय हें वेळेवर कळतें.

उवांकडे दुर्लक्ष करूं नये. कोंबडीच्या अंगावरील उवा पिलांच्या डोक्यावर व मानेवर चढतात, आणि लहान पिलूं त्यांनीं खंगून मरतें. कोंबडी उठेल तेव्हां तिला कोरड्या मातींत व राखेंत लोळूं द्यावें. पंखांखालचीं व शेपटीच्या मुळाजवळचीं पिसें उलगडून पाहावीं, आणि उवा आढळल्यास पशुवैद्यास विचारून, पिलें येण्यापूर्वीं पुष्कळ दिवस आधींच औषध करावें.

पिलें किती द्यावीं हें कोंबडीच्या पंखांवरून ठरवावें. सर्व पिलें एकाच वेळीं तिच्याखालीं मावलीं पाहिजेत. मध्यम बांध्याची गांवठी कोंबडी थंडीच्या दिवसांत आठ दहा व उन्हाळ्यांत बारापर्यंत पिलें नीट झांकूं शकते. याहून अधिक दिल्यास कडेचीं पिलें रात्रीं उघडीं पडतात.

रात्रीची कृति

पिलें दिवसा घरीं पोंचलीं तर तीं कोंबडीस दाखवूं नयेत. खोक्यांत तूस पसरून, फडक्यांत गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली मध्यें ठेवून त्यांना ऊब द्यावी. अंड्यांतील बलकाचा अंश पिलाच्या पोटांत शिल्लक असतो, त्यावर तें दोन दिवस तग धरूं शकतें. म्हणूनच लांबचा प्रवास त्याला सोसतो. तथापि घरीं येतांच प्रत्येक पिलाची चोंच पाण्यांत हलकेच बुडवून त्याला पाणी पिण्यास शिकवावें. या पहिल्या पाण्यांत थोडा गूळ घालण्याची चाल चांगली आहे. त्यानंतर मक्याचा बारीक भरडा टाकावा.

संध्याकाळीं कोंबडीस घरट्यावरून उठवून पोटभर दाणापाणी द्यावें, म्हणजे दुसऱ्या दिवशीं सकाळीं ती भुकेनें उठणार नाहीं. मग पूर्ण अंधार पडून घरांतील गडबड शांत होऊं द्यावी. रात्रीं नऊच्या सुमारास, एक मंद दिवा कोंबडीच्या पाठीमागें ठेवून, आपले हात ऊन करून कामास लागावें. एक पिलूं तळहातांत पुरतें झांकून घ्यावें, बाजूनें कोंबडीच्या पंखाखालीं सरकवावें, आणि परत येतांना त्याच हातानें एक अंडें काढून आणावें. पिलूं समोरून कधींहि देऊं नये. कोंबडीनें हाताला चोंच मारली तर घाबरूं नये. ती हातावर रागावते, पिलावर नव्हे.

एक दोन पिलें दिल्यावर दहा मिनिटें स्वस्थ बसून ऐकावें. पिलांची चिंवचिंव मंद होत जाऊन थांबली, आणि कोंबडी खालच्या आवाजांत कुक् कुक् करूं लागली, तर काम साधलें असें समजावें. मग बाकीचीं पिलें त्याच रीतीनें दोन्ही पंखांखालीं वांटून द्यावीं. शेवटचीं एक दोन अंडीं सकाळपर्यंत राहूं द्यावीं. वारंवार दिवा घेऊन पाहण्यास जाऊं नये.

कोंबडीच्या स्वतःच्या अंड्यांतून पिलें निघालीं असतील आणि त्यांत विकतचीं मिसळावयाचीं असतील, तर तीं त्याच रात्रीं, सारख्याच वयाचीं मिसळावीं. दोन तीन दिवस गेल्यावर ती आपलीं पिलें ओळखूं लागते, आणि निराळ्या रंगाचें पिलूं तर बहुधा टोंचून घालविते.

पहिली सकाळ

या सर्व कृतींत लोक अधिक चुकतात ते येथें. रात्रीं सर्व ठीक झालें म्हणून निश्चिंत झोपतात, आणि सकाळीं उशिरां जाऊन पाहतात. कोंबडीनें रात्रीं जें स्पर्शानें व आवाजानें पत्करलें तें ती सकाळीं प्रथमच डोळ्यांनीं पाहते. खरी परीक्षा ती हीच. म्हणून उजाडण्यापूर्वीं एका माणसानें तेथें हजर असलेंच पाहिजे.

कोंबडी अंग फुलवून बसलेली आहे, पिलांचीं डोकीं तिच्या पिसांतून बाहेर डोकावत आहेत, दाणे टाकल्यावर ती तो दाणा चोंचीनें उचलून खालीं टाकते व पिलांस बोलावते, असें दिसलें म्हणजे ती आई झाली. मागें राहिलेलीं अंडीं काढून घ्यावीं. पिलाच्या अंगावरील कण तिनें हळूच टिपला तर तो मार नव्हे. पण मान ताठ करून ती डोक्यावर नेम धरून चोंच मारूं लागली, तर एक क्षणहि न दवडतां सर्व पिलें काढून उबेच्या खोक्यांत ठेवावीं आणि खोटीं अंडीं परत तिच्याखालीं घालावीं. पुढच्या रात्रीं आणखी एकदां प्रयत्न करून पाहावा. दुसऱ्यांदाहि तसेंच घडलें तर त्या कोंबडीचा नाद सोडून पिलें दिव्यावर वाढवावीं. दिव्याखालीं पहिल्या आठवड्यांत ९५ अंश फॅरनहाइट ऊब लागते, व पुढें दर आठवड्यास ती सुमारें पांच अंशांनीं कमी करीत जावी. हा दिवा आधींच तयार असावा. आयत्या वेळीं शोधूं नये.

पहिला पंधरवडा

पहिले चार पांच दिवस आई व पिलें खोक्यांतच ठेवावीं. त्यानंतर कोरड्या जागीं डालग्याखालीं आईस ठेवून पिलांना फटींतून बाहेर येऊं द्यावें. तीं फार दूर जात नाहींत, व घार दिसतांच आईच्या हांकेसरशीं आंत शिरतात. पाण्याचें भांडें उथळ असावें व त्यांत खडे टाकावे, नाहींतर पिलें बुडतात. पहांटेचें दंव पडलेल्या गवतांत पिलें सोडूं नयेत. तूस ओलें झालें कीं बदलावें. ओलसर जागेंतच रक्ती हगवणीचा फैलाव होतो, आणि तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यांतील पिलें तिला विशेष बळी पडतात.

पिलें गांवठी कोंबडीखालीं वाढत आहेत म्हणून लस टाळूं नये. कुमाऊंतील राणीखेत गांवाचें नांव ज्याला पडलें आहे तो मानमोडीचा रोग आला म्हणजे घरची व विकतची असा भेद करीत नाहीं. त्यावरील लासोटा लशीचा थेंब पहिल्या आठवड्यांतच डोळ्यांत अथवा नाकपुडींत घालतात. पुढील लशींचें वेळापत्रक जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांतून लिहून आणावें.

गांवठी कोंबडी साधारणतः सहा ते आठ आठवडे पिलांस घेऊन हिंडते. मग ती स्वतःच त्यांना टोंचून दूर करूं लागते व पुन्हां अंड्यांवर येते. तोंवर पिलें इतर कोंबड्यांच्या नजरेखालून गेलेलीं असतात, कोठें वाट द्यावी व कोठें पळावें हें शिकलेलीं असतात. आईनें वाढविलेल्या पिलांस कळपांत घालण्याचे श्रम आपणांस फारसे पडत नाहींत, हा तिचा आणखी एक उपकार होय.

कोंबडी खुडूक नसेल तर

पुष्कळ घरीं खुडूक कोंबडी नसते. एखादी दोन जुन्या कोंबड्या उरलेल्या असतात आणि त्यांत नवीं पिलें घालावयाचीं असतात. येथें आई मिळवून देण्याची आशा सोडावी. ओळख तेवढी करून द्यावयाची असते. कोंबड्यांत मानपानाची एक उतरंड असते. कोणी कोणाला टोंचावें व कोणी मुकाट्यानें सोसावें हें त्यांच्यांत ठरलेलें असतें. नॉर्वेंतील थोर्लाइफ श्येल्डरुप-एब्बे यांनीं या उतरंडीचें वर्णन शंभर वर्षांपूर्वीं, १९२० नंतर लवकरच, प्रसिद्ध केलें. नवें जनावर आलें कीं ही उतरंड पुन्हां लावावी लागते, आणि तें लहान व अशक्त असलें तर भांडणांत मरतें. यास्तव सहा आठवड्यांच्या आंतील पिलें मोठ्या कोंबडीजवळ मोकळीं सोडूं नयेत. आठ दहा आठवडे थांबल्यास अधिक चांगलें.

बाहेरून आणलेल्या पक्ष्यांस प्रथम तीन चार आठवडे अगदीं निराळें ठेवावें, म्हणजे त्यांच्यांत रोग असल्यास तो उघड होईल. दिव्याखालीं वाढणारीं पिलें निराळीं असतातच. नंतर एकाच अंगणांत मध्यें जाळीचा आडपडदा लावून दोन तीन आठवडे दोन्ही बाजूंस दाणापाणी द्यावें. जाळी बारीक असावी. डोकें आरपार जाईल अशी नसावी. कोंबड्या प्रथम जाळीवर धांवतात, मग धांवणें सोडतात, शेवटीं जाळीच्या दोन बाजूंस दोघी शेजारीं शेजारीं बसून चरतात. ही तिसरी अवस्था आल्यावांचून आडपडदा काढूं नये.

पहिली भेट मोकळ्या अंगणांत, दिवस मावळण्यापूर्वीं तास दीड तास आधीं घडवावी. बंद खुराड्यांत कधींहि घडवूं नये, कारण तेथें पळण्यास वाट नसते. एकटें पिलूं घालूं नये; तीन चार तरी बरोबर असावीं, म्हणजे टोंचणी एकाच्याच वांट्यास येत नाहीं. दाणापाण्याचीं भांडीं दोन तीन ठिकाणीं मांडावीं. एका कोपऱ्यांत सुमारें अडीच तीन इंच अंतराच्या कामट्यांचें कुंपण करावें. त्यांतून लहान पिलूं आंत जातें व कोंबडी बाहेर राहते. थोडी टोंचाटोंची होईल. तिच्यांत पडूं नये. पण रक्त दिसलें तर तें पिलूं तत्काळ वेगळें करावें, कारण लाल जखमेवर सर्वच कोंबड्या तुटून पडतात. जखम भरल्यावर तें जाळीआड ठेवूनच पुन्हां आणावें. एकच कोंबडी अनावर असेल तर पिलांऐवजीं तिलाच चार पांच दिवस दुसरीकडे ठेवावें. परत आल्यावर तिचा तोरा पुष्कळ उतरलेला असतो.

एका दाण्याचा दोष

मोठी कोंबडी व पिलें एकत्र चरूं लागलीं म्हणजे एक चूक नकळत होते. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या तयार खाद्यांत कवच बनण्याकरितां चुन्याचें प्रमाण शेंकडा साडेतीन ते चार असतें, आणि पिलांस शेंकडा एकच्या सुमारास पुरतें. जास्त चुन्यानें पिलांच्या मूत्रपिंडांस इजा होते. तीं मरतात तेव्हां कारण कोणाच्या लक्षांत येत नाहीं. यावर उपाय सोपा आहे. सर्वांस पिलांचेंच खाद्य द्यावें, आणि मोठ्या कोंबडीकरितां शिंपल्यांचा चुरा निराळ्या भांड्यांत, पिलांच्या चोंची पोंचणार नाहींत अशा उंचीवर ठेवावा. तिला हवा तेवढाच ती घेते.

येथवर जें सांगितलें त्यांत पैसा खर्च होईल असें फारसें कांहीं नाहीं. भिंतीवर एक तारीख, चार खोटीं अंडीं, एका रात्रीचें जागरण आणि एक पहांट, एवढेंच काय तें मोल. आम्हीं तें पहिल्या वर्षीं दिलें नाहीं म्हणून सात पिलें गमावलीं. पुढच्या वर्षीं दुसऱ्यांच्या नव्हे, त्याच वडील बाईंच्या सांठविलेल्या पैशांतून दहा पिलें आलीं. त्या वेळीं तारीख त्यांनीं स्वतः लिहिली, आणि पहांटे कंदील घेऊन डालग्याजवळ आमच्या आधीं त्याच बसल्या होत्या. ज्या सभासदांच्या घरीं या दिवसांत कोंबडी खुडूक बसेल त्यांनीं तिला पाण्यांत बुडविण्यापूर्वीं हा प्रयोग एकदां करून पाहावा, आणि आपला अनुभव, बरा असो वा वाईट, या मासिकाकडे अवश्य लिहून पाठवावा, अशी आमची विनंती आहे.